चक्कर, भोवळ, झीट की मूर्च्छा?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात ‘सिंकोपी’ या वैद्यकीय संज्ञेला मराठी शब्द हवा आहे. माणसाची शुद्ध अचानक हरपते आणि थोड्याच वेळात तो आपोआप शुद्धीवर येतो, एवढा अर्थ त्यातून निघावा. कारण कोणते, हे शब्दातच ठरून जाऊ नये.

उत्तर : ‘चक्कर’ टाळावा, असे माझे ठाम मत आहे. आतल्या कानाच्या दोषामुळे सभोवतालचे सारे गरगर फिरताना वाटणे, उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि प्रत्यक्ष शुद्ध हरपून कोसळणे, या तिन्ही अवस्थांना आपण ‘चक्कर आली’ असेच म्हणतो आणि डॉक्टरांसमोरही तेच सांगतो. ‘भोवळ’ आणि ‘घेरी’ यांतही फिरण्याचा भाव आहे, म्हणून ‘भोवळ येऊन पडला’ असे म्हटल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. ‘झीट’ अर्थाने बराच जवळचा आहे, पण तरुण वाचकांच्या कानावर तो आता क्वचितच पडतो.

माझी पसंती ‘मूर्च्छा’ या शब्दाला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 24व्या अध्यायात मद (धुंदी), मूर्च्छा आणि संन्यास (गाढ बेशुद्धी) अशा तीन अवस्था सांगितल्या असून, पहिल्या दोन अवस्था दोषांचा वेग ओसरल्यावर आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा भेद तिथे केलेला आहे. आपल्याला हवी असलेली ‘आपोआप शुद्धीवर येणे’ ही खूण त्यात नेमकी सापडते.

मूर्च्छेत मेंदूचा रक्तपुरवठा तात्पुरता घटतो. तो पूर्ण थांबला तर सहा ते आठ सेकंदांतच शुद्ध जाते. बहुतेकदा रक्त दिसणे, तीव्र वेदना किंवा उकाड्यात बराच वेळ उभे राहणे यांमुळे नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि घाम, मळमळ अशी पूर्वसूचना मिळून माणूस कोसळतो. काहींचा रक्तदाब उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत, वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरने उतरेल इतका घसरतो. शरीरातले पाणी कमी होणे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि जुना मधुमेह ही त्याची नेहमीची कारणे. खरी काळजी हृदयाच्या मूर्च्छेची असते. पूर्वसूचनेशिवाय, श्रम करत असताना किंवा आडवे असताना शुद्ध गेली, अथवा कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड किंवा महाधमनीची अरुंद झालेली झडप यांचा शोध घ्यावाच लागतो, आणि त्याची सुरुवात ईसीजीने होते.

प्रश्न : मग ‘फिट’ आणि साखर उतरणे यांनाही मूर्च्छाच म्हणावे का?

उत्तर : नाही. फिट, आकडी किंवा फेफरे म्हणजे मेंदूतील विद्युत क्रियेचा बिघाड. त्यानंतर माणूस बहुधा काही मिनिटे गोंधळलेला राहतो आणि कधी जिभेची कड चावली गेलेली असते. मात्र साध्या मूर्च्छेतही काही सेकंद हातपाय झटकले जाऊ शकतात, हे माहितीपत्रकात अवश्य लिहावे, कारण तेवढे पाहूनच लोक ‘फिट आली’ असे सांगतात आणि तपासणी भलत्या दिशेने जाते. रक्तातील साखर दर डेसिलिटरला 54 मिलिग्रॅमच्या खाली जाणे गंभीर असते, आणि साखर पुरवल्याशिवाय त्यामुळे गेलेली शुद्ध सहसा परतत नाही. तिथे ‘बेशुद्धी’ हा व्यापक शब्द योग्य ठरेल.

शीर्षकात ‘मूर्च्छा (अचानक शुद्ध हरपणे)’ असे छापावे. प्रश्नावलीत मात्र ‘चक्कर येते का?’ याऐवजी ‘शुद्ध पूर्ण हरपली होती का, तेव्हा आपण उभे होता की आडवे, आणि शुद्धीवर आल्यावर भान लगेच आले का?’ असे विचारावे.