पर्चेस ऑर्डरमधील लवादाचे कलम आणि अडकलेले बिल

प्रश्न – कुपवाडचा कारखानदार
कुपवाड एमआयडीसीतील आमच्या लहान मशीनिंग युनिटमधून पुण्याच्या एका कंपनीला सुटे भाग जातात. काही भागांच्या मापात फरक असल्याचे सांगून कंपनीने संपूर्ण बिल अडवले आहे. सांगलीत दावा लावणार होतो, तेव्हा पर्चेस ऑर्डरच्या मागील बारीक अक्षरांतले कलम वाचले: वाद लवादाकडे जाईल, एकमेव लवाद (वाद ऐकून निवाडा देणारी व्यक्ती) कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक नेमतील आणि लवादाचे स्थान पुणे राहील. हे आमच्यावर बंधनकारक आहे का?

उत्तर – मिरजेचा वकील
लवादाचा लेखी करार असताना आपण दावा लावलात, तरी कंपनीने पहिले म्हणणे मांडण्याच्या तारखेपर्यंत अर्ज दिल्यास १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ८ नुसार न्यायालय प्रकरण लवादाकडेच पाठवते. एकतर्फी नेमणुकीचे मात्र तसे नाही. निकालात ज्याचे हित गुंतले आहे, त्याला एकमेव लवाद नेमता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात ठरवले आहे. म्हणून नोटीस देऊन त्रयस्थाचे नाव आपणच सुचवावे आणि ३० दिवसांत एकमत न झाल्यास कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा. उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) जवळ पडते खरे, पण लवादाचे स्थान पुणे आहे आणि पुणे त्या बेंचखाली येत नसल्याने मुंबईलाच जावे लागेल.

उत्तर – सांगलीचा लेखापाल
माल पुरवण्यापूर्वी आपली उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली होती का? असल्यास २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, जाता येते. करारातील लवादाचे कलम तिथे आड येत नाही. ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते आणि निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायचे तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कौन्सिलने निर्णय देण्याची ९० दिवसांची मुदत मात्र कागदावरचीच समजा. (आपल्याकडील हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांना हा मार्ग नाही, कारण त्यांची उद्यम नोंदणी केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती आहे.)

कुपवाडचा कारखानदार
नोंदणी आधीचीच आहे. मापाची तक्रार मात्र माल पोहोचल्यावर दोन महिन्यांनी, ईमेलने आली.

सांगलीचा लेखापाल
मग आपली बाजू भक्कम आहे, कारण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर तो स्वीकारला असेच हा कायदा धरतो. पोच मिळालेली चलने आणि तो ईमेल अर्जासोबत जोडा.

मिरजेचा वकील
सहमत. कंपनीने दरम्यान स्वतःचा लवाद नेमलाच, तर त्याच्यापुढे जाण्याआधी हरकत लेखी नोंदवा.