मदत हवी आहे: शेळीच्या यकृतात फॉस्फो-एकेटीचा पट्टा येत नाही

जळगावजवळच्या कत्तलखान्यातून शेळीच्या यकृताचे नमुने घेतो. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) एकूण एकेटीचा (इन्सुलिनचा संदेश पेशीत पुढे नेणारे प्रथिन) 60 किलोडाल्टनचा पट्टा छान येतो, फॉस्फो-एकेटी (सेरीन 473 या जागी फॉस्फेट लागलेले, म्हणजे सक्रिय रूप) मात्र जवळजवळ कोराच. त्याच नमुन्यांत फॉस्फो-एएमपीके (पेशीतली ऊर्जा घटल्यावर सक्रिय होणारे प्रथिन; थ्रिओनीन 172) ठळक दिसतो, म्हणून सगळेच फॉस्फेट उडाले असे वाटत नाही.

लायसिस (पेशी फोडणे): बर्फावर रिपा बफर, त्यात फॉस्फेट काढणारी एन्झाइमे (फॉस्फेटेज) रोखायला सोडियम फ्लोराइड 10 मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट 10, ऑर्थोव्हॅनाडेट 1 (ते मुख्यतः टायरोसीनवाल्या फॉस्फेटेजसाठी, हे माहीत आहे). लेनला 30 मायक्रोग्रॅम प्रथिन, 10 टक्के जेल, ब्लॉकिंगला टीबीएसटी बफरमध्ये 5 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन). दूध वापरत नाही, केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन. इन्सुलिन दिलेल्या हेपजी2 पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशी) लायसेट त्याच ब्लॉटवर झकास उमटतो, तेव्हा अँटिबॉडी चालते.

संशय दोन. जनावरे रात्रभर उपाशी असतात, म्हणजे इन्सुलिनच कमी. दुसरे, पोट फाडून यकृत हाती येईपर्यंत 12-15 मिनिटे जातात, वर मे महिन्याचे ऊन. तुकडा मग कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात तसल्या द्रवनत्राच्या कंटेनरमध्ये टाकतो. तुकडा सुपारीएवढा, कदाचित पटकन गोठायला तोच मोठा पडत असेल.

जिवंत जनावरावर प्रयोगाची परवानगी नाही, नवी अँटिबॉडी या वर्षी शक्य नाही. मग उपाशीपणा आणि मृत्यूनंतरचे डीफॉस्फोरिलेशन (फॉस्फेट निघून जाणे) वेगळे ओळखायला, ताज्या यकृताच्या पातळ चकत्या कोमट बफरमध्ये इन्सुलिन देऊन तपासल्या तर चालेल का, आणि कापल्यापासून किती मिनिटांत?