पाहुणे रविवारी, स्वयंपाक शनिवारी: पटतं का?

तुळशीबाग (धागाकर्ती)

घरी पंधरा-वीस माणसं जेवायला बोलावली की बहुतेक घरांत तेच. बाहेर गप्पा रंगलेल्या आणि घरची बाई ओट्याशी. ती ताटावर बसते तेव्हा सार गार झालेलं, कोशिंबिरीला पाणी सुटलेलं आणि निम्मे पाहुणे चपला शोधत असतात. माझं स्पष्ट मत आहे की असा स्वयंपाक निम्म्याहून जास्त आदल्या दिवशी उरकावा, बेतच तसा आखावा, आणि ज्यांनी बोलावलं त्यांनी पाहुण्यांबरोबर जेवावं. बोलावून बोलायलाच मिळणार नसेल तर बोलावलं कशाला?

पंधरा माणसांचा साधा बेत घ्या: श्रीखंड, पुऱ्या, अळूवडी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, खमंग काकडी, टोमॅटोचं सार, मसालेभात.

श्रीखंड आदल्या दिवशीचंच चांगलं लागतं. साखर नीट विरघळते, केशराचा रंग उतरतो. एक किलो चक्क्याला पाऊण ते एक किलो साखर घातली की पंधरा जणांना पुरून उरतं. उन्हाळ्यात दही बाहेर टांगून ठेवू नका, रात्रभरात आंबट होतं. चाळणीत पंचा घाला, खाली पातेलं ठेवा आणि ते सगळं फ्रीजमध्ये सरकवा.

अळूवडीचे उंडे शनिवारी उकडून ठेवावेत. गार उंडा सुरीने स्वच्छ कापला जातो, गरम असताना कापला तर पानं सुटतात. तळायचं काम तेवढं रविवारी. नारळ खवून चपट्या पिशवीत फ्रीझरला, उसळीचं वाटण डब्यात, दाण्याचं कूट तयार. काकडी चोचवून ठेवली तरी चालते, फक्त मीठ आणि कूट ताटं घेताना घालायचं. मीठ आधी घातलं की पाणी सुटणारच.

आता बोला.

माजघर

ताई, तुमची कळकळ समजते, पण मला हे पटत नाही. पाहुणा घरी येतो तो घरचं ताजं अन्न खायला. तव्यावरची पोळी थेट ताटात पडते, तिच्यावर तूप विरघळतं, त्याला तोड नाही. हिंगाच्या फोडणीचा वास घरभर दरवळत असताना माणूस आत आला की निम्मं स्वागत तिथेच होतं. डबे काढून गरम केलेल्या जेवणाला तो वास कुठून आणणार? पुन्हा गरम केलेली उसळ मोडते, बटाटा पिठूळ लागतो, कढी फुटते.

आणि सणावाराचं काय करायचं? गौरी जेवतात त्या दिवशी आमच्याकडे पहाटेपासून चूल पेटते. नैवेद्याला आदल्या दिवशीचं चालत नाही. ज्यांना चालतं त्यांनी करावं, पण ही रीत म्हणजे बाईवर लादलेलं ओझं असं कोणी म्हणू नये. मला त्या दिवशीच्या गडबडीत आनंद मिळतो. सासूबाईंच्या हाताखाली मी हे शिकले आणि आता माझ्या सुना माझ्याबरोबर उभ्या असतात.

उकडीच्या मोदकांचंच घ्या. कराल का शनिवारी?

तुळशीबाग

माजघरकाकू, मोदक नाही करणार. तांदळाची उकड गार झाली की कडक होते आणि फ्रीजमध्ये तर फारच लवकर. पण सारण मी नक्की आदल्या दिवशी करून ठेवेन, पिठीही चाळून ठेवेन. मग सकाळी फक्त उकड काढायची आणि वळायचे. मी "सगळं शनिवारी" म्हटलेलं नाही. काय शनिवारी आणि काय रविवारी, हे ठरवा म्हणते आहे.

रंकाळा

आमच्या कोल्हापूरकडची भर घालतो. मटणाचा तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो, हे कोणीही सांगेल. पांढरा रस्सा मात्र त्याच दिवशी आणि शेवटी. नारळाचं दूध जास्त उकळलं तर फुटतं आणि उन्हाळ्यात बाहेर राहिलं तर पटकन खराब होतं. आमच्याकडे सुकं आणि तांबडा आदल्या रात्री, पांढरा आणि भाकऱ्या त्या दिवशी. सोलकढीचंही तेच. आमसुलांचा अर्क काढून ठेवा, नारळाचं दूध जेवणाआधी मिसळा.

भाकरी मात्र गरमच. तिथे मी माजघरकाकूंच्या बाजूचा.

थर्मामीटर

मी अन्नातल्या सूक्ष्मजीवांचा विषय शिकवतो, म्हणून न राहवून लिहितो. चवीबद्दल तुम्ही भांडा, पण आदल्या दिवशी करून ठेवण्यातला खरा धोका वेगळा आहे आणि धाग्यात त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

शिजवलेलं अन्न साधारण 5 ते 60 अंश सेल्सियसच्या मध्ये जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. म्हणून दोन तासांच्या आत ते फ्रीजमध्ये जायला हवं. आता पंधरा माणसांची उसळ मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवली तर ती रात्री उशिरापर्यंत मधोमध कोमटच असते. वरून हात लावला तर गार वाटते, डाव आत घातला की कळतं. ते पातेलं तसंच फ्रीजमध्ये घातलं तर आतलं अन्न गार व्हायला तास लागतात आणि शेजारचं दूध-दहीही तापतं. उपाय सोपा आहे. परातीत गार पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवून ढवळत राहा, मग दोन-तीन पसरट डब्यांत काढा. बोटभर उंचीचा थर लवकर गार होतो.

भाताबद्दल विशेष सांगतो. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला तर त्यांचे जिवाणू होतात आणि त्यातला एक विषारी पदार्थ सकाळच्या फोडणीच्या उष्णतेनेही नष्ट होत नाही. त्यामुळे "परत चांगला गरम केला होता" म्हणून निर्धास्त राहू नका. फोडणीचा भात जरूर करा, पण रात्रीच फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताचा.

थोडक्यात, धागाकर्तीची पद्धत शिस्तीने पाळली तर उत्तम, अर्धवट पाळली तर माजघरकाकूंचं ताजं अन्न कितीतरी सुरक्षित.

माजघर

@थर्मामीटर, हेच आमच्या आजेसासूबाई प्रयोगशाळेशिवाय सांगत होत्या. भात त्या दिवशीचा त्या दिवशी.

अंबाझरी

धागा वाचून राग आला, तो कोणा एकावर नाही. शनिवार की रविवार यावर एवढा काथ्याकूट चाललाय, पण दोन्ही दिवशी करणार कोण? केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. आणि ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांचीच. मुळात त्या दिवशी असं काही काम केलं असे पुरुष शंभरात सव्वीसच होते. म्हणजे रविवारच्या स्वयंपाकाचा निम्मा भाग शनिवारी नेला, तर तिचा शनिवारही गेला. तिची सुट्टी कधी?

आमच्या नागपूरच्या घरी वाटणी ठरलेली आहे. बाजार, नारळ खवणं, चक्का पुरणयंत्रातून काढणं, वाढणं आणि शेवटची भांडी हे नवरा आणि मुलगा करतात. फोडण्या आणि चव माझ्याकडे. पाहुण्यांतले काका-मामा पहिल्यांदा पाहतात तेव्हा अवघडतात, मग तेही ताटं उचलायला लागतात.

तुळशीबाग, तुमच्या पोस्टमध्ये "उकडून ठेवावेत", "खवून ठेवा" असं सगळं आहे. कोणी, ते लिहा.

माजघर

अंबाझरीताई, आमच्याकडेही वाढायला मुलगेच असतात. पंगतीत वाढप हे पूर्वीपासून पुरुष करत आले आहेत. डावीकडे मीठ-लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, मध्ये भाताची मूद आणि वर वरण, हे माझ्या मुलांना शाळेत असल्यापासून येतं.

अंबाझरी

काकू, वाढप चारचौघांसमोर होतं म्हणून ते करायला सोपं. मी आतल्या कामाबद्दल बोलते आहे. कढई घासायला कोण असतं?

गिरणगाव

पोळ्या आणि पुरणपोळ्या बाहेरून का आणू नयेत? दादर-परळला कोपऱ्याकोपऱ्यावर पोळी-भाजी केंद्रं आहेत, बहुतेक बायकाच चालवतात. पंधरा माणसांच्या पन्नास पोळ्या लाटणं हे एकटीसाठी दीड-दोन तासांचं काम. ते पैसे देऊन दुसरीच्या चुलीला काम मिळत असेल तर त्यात कमीपणा कसला? मुंबईत ही सोय आजची नाही. गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायकांनीच निम्मं गिरणगाव जेवू घातलं आणि त्यांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बाहेरचं अन्न म्हणजे परकं अन्न, असं मला कधीच वाटलं नाही.

भाजी-आमटी घरची करा, पोळ्या त्यांच्याकडून आणा, सूती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. दोन तास मऊ राहतात.

माजघर

पोळ्यांचं एकवेळ मान्य. पुरणपोळी नाही. कधीच नाही.

कोरडवाहू

लातूरकडून लिहितोय. तुमच्या चर्चेत प्रत्येक घरात दोन दारांचा फ्रीज आणि चोवीस तास वीज गृहीत धरली आहे. आमच्या गावात उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. फ्रीज असतो, पण त्यावर पंधरा माणसांची उसळ सोपवावी इतका भरवसा नसतो. आणि पाहुणे रविवारी येणार हे शनिवारी कळतंय कुठे? ते दारात उभे राहिल्यावर कळतं.

म्हणून आमची तयारी वेगळी असते. घरात बेसन, ज्वारीचं पीठ, लसूण, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, सांडगे-पापड आणि लोणचं हे बारा महिने हवंच. पिठलं, भाकरी, ठेचा, भाजलेला पापड आणि ताक एवढं तासाभरात होतं, फ्रीज लागत नाही आणि खाणारा बोटं चाटतो. सांडगे-पापड हे आदल्या दिवशीचं नाही, आदल्या उन्हाळ्याचं काम आहे. ते सगळ्या गल्लीने मिळून केलेलं असतं, कोणा एकीवर पडत नाही.

पाणी टँकरने येतं तेव्हा भांड्यांचाही विचार करावा लागतो. पळसाच्या पानांच्या पत्रावळी वापरल्या की पंचवीस ताटं-वाट्या घासायच्या वाचतात आणि पानं खड्ड्यात टाकली की खत. शहरातही हे करायला काय हरकत आहे?

मला विचाराल तर आठ पदार्थांचा बेत हेच मूळ दुखणं आहे. चार करा. पाहुणा तुमचे पदार्थ मोजायला आलेला नसतो.

एडिसन

न्यूजर्सीत मराठी घरांतून हा प्रश्न पॉटलकने सोडवला. यजमान भात आणि एक भाजी करतात, बाकी प्रत्येक कुटुंब एकेक पदार्थ आणतं. आधी यादी मात्र करावी लागते, नाहीतर तीन घरांतून छोलेच येतात. तिथल्या बायका गप्पांत बसलेल्या दिसतात आणि पुरुष प्लेटा गोळा करताना. भारतात पाहुण्याला "येताना कोशिंबीर घेऊन ये" म्हणायला लोक का कचरतात?

माजघर

कारण बोलावलेल्या माणसाकडून अन्न मागणं आम्हाला जमत नाही. सख्खी बहीण असेल तर सांगेन, जावयाच्या घरच्यांना नाही सांगणार.

तुळशीबाग

सगळ्यांचं वाचलं. अंबाझरीताईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. शनिवारच्या कामाची यादी फ्रीजच्या दारावर लावायची आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहायचं. शनिवारी काम काढायचा मोठा फायदा मला हाच दिसतो की ते वाटता येतं. रविवारी घाईच्या वेळी "सरक, मीच करते" होतं. शनिवारी नवऱ्याला काकडी चोचवायला शिकवण्याएवढी फुरसत असते.

कोरडवाहूंच्या चार पदार्थांबद्दल मात्र मी ठाम नाही म्हणेन. वर्षातून एखाद्या वेळी साग्रसंगीत ताट मांडायची हौस मलाही आहे. ती पुरवून पाहुण्यांत बसायचं, म्हणून तर हा खटाटोप.

थर्मामीटर, मसालेभाताचं काय करू? तो शेवटी ठेवला तर मी परत ओट्याशी अडकते.

थर्मामीटर

भात शनिवारी नकोच. तोंडली चिरून ठेवा, मसाला भाजून कुटून ठेवा, काजू बाजूला काढा. पाहुणे यायच्या पाऊण तास आधी धुतलेले तांदूळ परतून पाणी घाला. जाड बुडाच्या पातेल्यात झाकून, खाली तवा ठेवला की तासभर गरम राहतो. गरम असतानाच वाढला जातोय, तेव्हा काळजी नाही. उरलेला मात्र लगेच पसरट डब्यात, फ्रीजमध्ये.

माजघर

मसाला आदल्या दिवशी कुटून ठेवायला माझीही ना नाही, तो मीही ठेवते. पण पुऱ्या पंगत बसल्यावरच तळायच्या. टम्म फुगलेली पुरी ताटात पडायला हवी. यावर माझी तडजोड नाही.

तुळशीबाग

पुरीवर तुमचंच खरं, काकू. मग तळायला दोघांनी आळीपाळीने उभं राहावं, म्हणजे दोघांनाही बसून जेवता येईल. कणीक मात्र आधी भिजवून ठेवता येईल ना? तुम्ही किती आधी भिजवता?

माजघर

अर्धा तास, त्याहून जास्त नाही. आदल्या दिवशीची तर मुळीच नको, काळी पडते आणि सैल होते. घट्ट भिजवा, दोन वाट्या कणकेला दोन चमचे बारीक रवा घाला म्हणजे पुरी बसत नाही. लाटताना पिठी लावू नका, ती तेलात जळून खाली बसते आणि तेल काळं करते. पोळपाटाला तेलाचं बोट पुरतं. आणि आधी लाटून ठेवायच्या असतील तर ओल्या फडक्याखाली एकेक सुटी ठेवा, एकावर एक नको.