रोजच्या मॅचआधी राष्ट्रगीत: हवं की नको?

निशाचर
आमची ऑफिसांची क्रिकेट लीग आहे, आठ टीम, ग्राउंड एकच आणि दिवसाला तीन मॅच उरकायच्या असतात. परवा मीटिंगमध्ये कमिटीतल्या एकाने टूम काढली की यंदा प्रत्येक मॅचआधी राष्ट्रगीत झालंच पाहिजे. आता यावर नाही कोण म्हणणार? नाही म्हटलं की लगेच "का, तुला देशाचं वावडं आहे का" म्हणून सगळे गप्प. मला स्वतःला इंटरनॅशनल मॅचचं राष्ट्रगीत आवडतं, आवडतं म्हणजे टॉस चुकला तरी चालेल पण ते चुकवत नाही. पण हिशेबवाले विरुद्ध गोडाऊनवाले या मॅचला देशाचा काय संबंध तेच कळेना. बाकी देशांत काय करतात, आणि तुमचं मत काय?

जुनाखोडसाळ
याचं मूळ अमेरिकेत आहे आणि किस्सा भारी आहे. 1918, पहिलं महायुद्ध चालू, बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, शिकागोत पहिली मॅच. प्रेक्षक थंड, मॅचपण संथ (बोस्टनचा बेब रूथ तेव्हा पिचर, म्हणजे आपल्या बॉलरसारखा, होता आणि त्याने समोरच्यांना एकही रन काढू दिली नाही, बोस्टन 1-0 ने जिंकलं). सातव्या इनिंगला लोक पाय मोकळे करायला उभे राहतात तेव्हा बँडने 'स्टार स्पँगल्ड बॅनर' सुरू केलं. बोस्टनचा फ्रेड थॉमस म्हणून खेळाडू होता, नेव्हीतून रजा घेऊन आलेला, तो सवयीने वळून सॅल्यूट ठोकून उभा राहिला, बाकीचे खेळाडू सरळ झाले, मग स्टँडमधून लोक गायला लागले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट. गंमत म्हणजे ते तेव्हा राष्ट्रगीत नव्हतंच, अधिकृत झालं 1931 ला.

पण तरीही रोज वाजत नव्हतं, कारण रोज बँड आणायचा म्हणजे खर्च. सणावाराला, ओपनिंगला, सिरीजला तेवढं व्हायचं. पुढे ग्राउंडवर लाउडस्पीकर आले, रेकॉर्ड लावली की काम झालं, त्यात दुसरं महायुद्ध, मग ते रोजचंच झालं आणि युद्ध संपल्यावर बंद करायची हिंमत कोणी केली नाही. तुमच्या मीटिंगसारखंच की, सुरू करायला एक माणूस पुरतो पण बंद करायला कोण पुढे येणार.

ऑफस्टंप
आत्ता तिकडे बेसबॉलच्या एका सीझनला 2430 मॅच होतात, 30 टीम आणि प्रत्येकीच्या 162. म्हणजे तितक्या वेळा राष्ट्रगीत. याउलट इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या साध्या शनिवारच्या मॅचला काही नाही, शिट्टी वाजली की खेळ सुरू. एफए कपच्या फायनलला मात्र होतं. इंग्लंडचे लोक काय कमी देशभक्त झाले का त्यामुळे?

मीनल_के
मला यात वेगळीच अडचण दिसते. रोज करायचं ठरवलं की मग न करणाऱ्यावर नजर ठेवायला लागतात. 1996 ला एनबीएमध्ये (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) महमूद अब्दुल-रौफ हा खेळाडू राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून त्याला सस्पेंड केलं, मग मान खाली घालून प्रार्थना करत उभा राहीन अशी तडजोड झाली. 2016 ला एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) कॅपरनिक या खेळाडूने पोलिसांच्या कृष्णवर्णीयांशी वागण्याच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून आणि मग गुडघा टेकून विरोध केला, त्याचं करिअर त्या सीझननंतर संपलं ते संपलंच. बरं ज्या एनएफएलला एवढा राग आला त्यांच्याकडे 2009 पर्यंत सगळे खेळाडू राष्ट्रगीताला मैदानावर असायचेच असं नव्हतं. आणि 2015 ला मॅकेन आणि फ्लेक या दोन सिनेटरांनी रिपोर्ट काढला की अमेरिकेचं संरक्षण खातं असल्या देशभक्तीच्या कार्यक्रमांसाठी टीम्सना चक्क पैसे देतंय, जवळपास 68 लाख डॉलर. मॅकेन स्वतः युद्धकैदी राहिलेला माणूस, त्याला कोण देशद्रोही म्हणणार?

आपल्याकडे थिएटरचं झालंच की. 2016 ला सुप्रीम कोर्टाने सिनेमाआधी राष्ट्रगीताची सक्ती केली, लोक शेजारच्याकडे बघायला लागले हा उभा राहिला का तो राहिला का, मारामाऱ्यापर्यंत गेलं, शेवटी जानेवारी 2018 ला कोर्टानेच सक्ती काढली.

सरळबॅट
एवढा कीस कशाला पाडायचा? मिनिटभराचं तर गाणं. ड्रिंक्स ब्रेकला दहा मिनिटं घालवतात तेव्हा कोणाला वेळ आठवत नाही. लहान मुलं मॅच बघायला येतात, त्यांना सवय लागते, आणि दोन्ही टीम शेजारी उभ्या राहिल्या की वातावरण बदलतं हे मी बघितलंय. सवय झाली म्हणून किंमत कमी होते हे मला पटत नाही, शाळेत रोज म्हणायचो, तेव्हा काय कमी झाली का?

निशाचर
@सरळबॅट शाळेत निदान आपण स्वतः म्हणत होतो हो. गेल्या वर्षी फायनलला आमच्याकडे कोणीतरी मोबाईलवरून लावलं, अर्ध्यात इंटरनेट अडकलं आणि परत सुरू झालं ते जाहिरातीपासून. बावीस खेळाडू, दोन अंपायर, आमचे मोठे साहेब, सगळे ताठ उभे आणि स्पीकरवर बाई कर्ज घ्या म्हणून सांगतेय. हलायचं की नाही कोणालाच कळेना. हे मला दिवसातून तीनदा नकोय.

ऑफस्टंप
😂😂 यावरून आठवलं, एनबीएत डॅलस मॅव्हरिक्सच्या मालकाने 2020-21 च्या सीझनला घरच्या मॅचेसना राष्ट्रगीत गुपचूप बंद केलं होतं. कितीतरी मॅच होऊन गेल्या तरी बोंबाबोंब नाही. फेब्रुवारीत बातमी फुटली, गदारोळ झाला आणि लीगने सगळ्यांना परत वाजवायला लावलं.

सरळबॅट
@ऑफस्टंप अहो कोविड होता, स्टँड रिकामे होते, बोंबलायला होतं कोण? उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. आणि मी दुसरं देतो, 1905 ला वेल्समध्ये कार्डिफला रग्बीच्या मॅचआधी न्यूझीलंडने हाका (त्यांचा माओरी युद्धनाच) केला तेव्हा वेल्सचे खेळाडू आपलं गाणं म्हणायला लागले, अख्खं ग्राउंड मागून गायला लागलं, आणि वेल्सने मॅच मारली 3-0. त्या दौऱ्यात न्यूझीलंड तेवढी एकच हरलं. गाण्यात ताकद असते ती अशी.

मीनल_के
पण तुमचंच उदाहरण बघा ना, देश विरुद्ध देश आणि गाणारे लोक स्वतः, रेकॉर्ड नाही. 1918 लाही लोकांनी आपणहून सूर धरला म्हणून तर ते गाजलं. तिथे राष्ट्रगीताला कोणीच नाही म्हणत नाहीये. आणि क्लबच्या मॅचमध्ये भांडण नसेल तर तेही आणतं बरं का, आइस हॉकीत कॅनडा-अमेरिका टीम खेळतात तेव्हा दोन्ही राष्ट्रगीतं वाजतात, 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने कॅनडाच्या मालावर टॅरिफ (आयातकर) लावायचं लफडं झालं तर कॅनडातल्या लोकांनी अमेरिकेच्या राष्ट्रगीताला हुर्यो केली. खेळाडू बिचारे दोन्हीकडे मिसळलेले, त्यांनी काय करायचं?

जुनाखोडसाळ
निशाचर, मीटिंगमध्ये "नको" म्हणूच नका, हरणार. "फायनलला करू, आणि स्पीकरवर नाही, आपण सगळे मिळून म्हणू" असा ठराव मांडा. याला विरोध करायला त्या माणसालाही तोंड राहणार नाही. फक्त सूर धरणारा एकजण आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पहिली ओळ चार पट्ट्यांत ऐकावी लागेल.

निशाचर
हे जमेल. अकाउंट्सच्या बाईंचा आवाज चांगला आहे, उद्या विचारतो.