मदत हवी आहे: पॅनेल डेटात हाउसमन चाचणीचं उत्तर उणे येतंय

एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रबंधासाठी २८ जिल्हे आणि १२ वर्षं असा संतुलित पॅनेल (प्रत्येक जिल्ह्याची प्रत्येक वर्षाची नोंद असलेला डेटा) आहे, एकूण ३३६ नोंदी. अवलंबी चल दरडोई उत्पन्नाचा लॉग. स्वतंत्र चलांत साक्षरता, सिंचनाखालचं क्षेत्र, बँक शाखा, शिवाय वर्षांचे डमी (०/१ चल). अडचण अशी की मुख्य चल, बंदरापासूनचं अंतर, काळानुसार बदलतच नाही, त्यामुळे फिक्स्ड इफेक्ट्समध्ये (जिल्ह्याजिल्ह्यांतले कायमचे फरक काढून टाकणाऱ्या प्रारूपात) ते गळून पडतं. रँडम इफेक्ट्स (हे फरक स्वतंत्र चलांशी असंबद्ध मानणारं प्रारूप) वापरायचे तर आधी समर्थन हवं, आणि तिथेच गाडी अडली आहे.

स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये साधी हाउसमन चाचणी (दोन्ही प्रारूपांचे सहगुणक जुळतात का हे पाहणारी) लावली तर काय-वर्ग, म्हणजे चाचणीचा आकडा जो उणे असू नये, तो उणे ४.७ आला. दोन सहप्रसरण मॅट्रिक्सची वजाबाकी धन-निश्चित राहत नाही म्हणून असं होतं, हे कळतं. 'सिग्मामोअर' पर्याय (दोन्ही मॅट्रिक्ससाठी एकच त्रुटी-प्रसरण वापरणारा) दिल्यावर आकडा धन झाला, पी-मूल्य ०.०६. पण ही चाचणी क्लस्टर केलेल्या (एकाच जिल्ह्यातल्या नोंदींचा परस्परसंबंध धरणाऱ्या) प्रमाण त्रुटींसोबत चालत नाही, आणि माझ्या अवशेषांत स्वसहसंबंध ठळक दिसतो. म्हणून मुंडलाक पद्धतीने तिन्ही बदलत्या चलांच्या जिल्हानिहाय सरासऱ्या रँडम इफेक्ट्समध्ये घातल्या आणि जिल्ह्यावर क्लस्टर केलं. सरासऱ्यांची संयुक्त चाचणी: पी ०.०३, म्हणजे रँडम इफेक्ट्सचं गृहीतक टिकत नाही असा कल. (वर्ष-डमींच्या सरासऱ्या संतुलित पॅनेलमध्ये स्थिर असतात, म्हणून वगळल्या.)

हाउसमन-टेलर (न बदलणाऱ्या चलांचाही अंदाज देणारी साधन-चल पद्धत) नको, कारण अंतरासाठी विश्वासार्ह बाह्यजनित चल हाताशी नाही. नवा डेटाही मिळणार नाही.

फक्त २८ क्लस्टर असताना हा ०.०३ ग्राह्य धरावा, की वाइल्ड बूटस्ट्रॅप (कमी क्लस्टर असताना वापरायची पुनर्नमुनाकरण पद्धत) करूनच निष्कर्ष काढावा? आणि मुंडलाक प्रारूपातला अंतराचा सहगुणक कारण-परिणाम म्हणून मांडता येईल, की निव्वळ सहसंबंध म्हणूनच लिहावा?