स्विच २ पुढे हातातले पीसी खपतील का?

काडतूस:
स्टीम डेक, लीजन गो, एक्सबॉक्स अ‍ॅलाय अशी हातात धरून खेळायच्या पीसींची रांग लागल्यापासून 'निंटेंडोचे दिवस भरले' हे पालुपद सुरू आहे. मला ते पटत नाही. ५ जून २०२५ ला निंटेंडोचा कन्सोल स्विच २ आला, चार दिवसांत ३५ लाख विकले गेले, सप्टेंबरअखेर आकडा १ कोटी ३ लाखांपुढे. मार्च २०२६ पर्यंतचा अंदाज कंपनीने दीड कोटीवरून १ कोटी ९० लाखांवर नेला. पलीकडे डेक फेब्रुवारी २०२२ पासून बाजारात आहे आणि तो बनवणारी व्हॉल्व्ह अजून 'अनेक दशलक्ष' एवढ्यावरच बोळवण करते.

मुळात गिऱ्हाईक वेगळं. ज्याला मारिओ कार्ट किंवा पोकेमॉन हवा त्याला दुसरं दुकानच नाही. डेक घेणाऱ्याकडे स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात घेतलेले, दीडशे खेळ आधीच धूळ खात पडलेले असतात. निंटेंडोला धोका असलाच तर घरचाच: ८० डॉलरचा खेळ आणि महागडं मेमरी कार्ड.

बॅटरीलो:
असहमत. तुम्ही दोन वेगळे आकडे एका दावणीला बांधले आहेत. ३५ लाख ही गिऱ्हाइकाच्या हातात पडलेली विक्री. १ कोटी ३ लाख हा दुकानदारांकडे रवाना झालेला माल. पैकी काही फळीवरच असतो.

शिवाय पहिल्या वर्षी घेणारे सगळे भक्त. ते घेणारच होते. निंटेंडोचाच ३डीएस आठवतो का? मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १७० वर आणावा लागला. आधी घेतलेल्यांची समजूत काढायला वीस जुने खेळ फुकट वाटले. तोवर त्याआधीच्या डीएसचं यश बघून सगळे 'निंटेंडो हरणं शक्य नाही' असंच म्हणत होते.

काडतूस:
आणि तोच ३डीएस पुढे साडेसात कोटींच्या वर गेला, हे सोयीस्कर विसरलात. किंमत उतरवली, वर्षअखेरीस मारिओ आणि मॉन्स्टर हंटर आले, गाडी रुळावर. मॉन्स्टर हंटर सोनीच्या पीएसपीवरचा हुकमी एक्का होता. तो ३डीएसकडे गेला तिथेच जपानात सोनीच्या पुढच्या यंत्राचं, व्हिटाचं, कंबरडं मोडलं.

सुपारीचोर:
व्हिटाचं नाव निघालंच आहे तर: ५ इंची ओएलईडी पडदा, दोन अ‍ॅनलॉग काड्या, २५० डॉलर. कागदावर ३डीएसपेक्षा कितीतरी सरस. पण पहिल्या मॉडेलला खेळ साठवायला आत जागाच नव्हती आणि कार्ड फक्त सोनीचंच चालायचं. ३२ जीबीला १०० डॉलर! म्हणजे खरी किंमत ३५०. स्विच २ त्याच वाटेने चाललाय: फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड, २०२५ मध्ये २५६ जीबीला साधारण ६० डॉलर. जुन्या स्विचमधलं कार्ड घातलं तर त्यातून फोटो-व्हिडिओ तेवढे उतरवता येतात, खेळ चालत नाही.

घड्याळी एक:
सुपारीचोर, तुलना चुकतेय. एक्सप्रेस हे कुणा एका कंपनीचं कार्ड नाही, खुलं मानक आहे. अनेक कंपन्या बनवतात, त्यामुळे भाव पडू शकतो. व्हिटाच्या कार्डाला प्रतिस्पर्धीच नव्हता. शिवाय स्विच २ मध्ये २५६ जीबी आतच आहे. तिथली खरी खोट गेम-की कार्डात. डबा विकत घ्यायचा, आत कॅसेट असते, पण कॅसेटमध्ये खेळ नसतो, नुसती किल्ली. स्ट्रीट फायटर ६ तसाच. अख्खा खेळ डाउनलोड करायचा आणि वर खेळताना कॅसेटही घातलेलीच हवी. दोन्हीकडून मार. सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण आलाय, म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

आता पीसीवाल्यांकडे वळू. बॅटरीलो, तुमच्या नावाला शोभेल असं गणित. डेक ओएलईडीची बॅटरी ५० वॉट-तास. जड खेळात चिप १५ वॉट घेते; पडदा, पंखा, वायफाय धरून २२ च्या आसपास. पन्नासला बावीसने भागा, सव्वादोन तास. उपाय आहे: तीन टिंबांचं बटण, परफॉर्मन्सचं पान, फ्रेम सेकंदाला ४० वर बांधा, टीडीपी (चिपची वीजमर्यादा) ८-९ वॉटवर आणा, फ्रेम ४० खाली घसरायला लागल्या की एक वॉट वाढवा. खेळागणिक हा आकडा वेगळा, म्हणून 'पर गेम प्रोफाइल' चालू ठेवा, नाहीतर हलक्या खेळाची मर्यादा जड खेळाला लागते आणि मग लोक यंत्राला शिव्या देतात.

हे सगळं आपल्याला मजेशीर वाटतं. पण दहा वर्षांच्या मुलासाठी कन्सोल घेणारी आई हे करणार आहे का? विक्री तिथे ठरते.

बॅटरीलो:
स्विच २ ची बॅटरी कुठे मोठी लागून गेली? कंपनीच २ ते साडेसहा तास सांगते. एक्सबॉक्स अ‍ॅलाय एक्समध्ये ८० वॉट-तास आहेत.

घड्याळी एक:
आणि २०२५ मध्ये तो १००० डॉलरला आला, आणि वजन ७१५ ग्रॅम. स्विच २ बाजूच्या जॉयकॉन कंट्रोलरसकट साधारण ५३५. बॅटरी वाढवली की वजन वाढतं, मनगट दुखतं. फुकटात काही मिळत नाही.

अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळात लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, तर विसरलोच. त्यापायी व्हॅलोरंट, फोर्टनाइट डेकच्या लिनक्सवर बेतलेल्या स्टीमओएसवर चालतच नाहीत. एपेक्स लेजंड्स २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत चालत होता, मग लिनक्सला दार बंद केलं. विकत घेताना चालणारा खेळ नंतर बंद पडू शकतो, ही भीती विक्रीला मारक आहे. विंडोजवाल्या अ‍ॅलायवर ते चालतात, पण तिथे यंत्र झोपवून उठवलं की खेळ होता तिथून सुरू होईलच याचा नेम नाही.

नवा भिडू:
मंडळी, चर्चा भारी. भारतात काय घ्यावं? मित्र टोकियोहून येतोय, तिकडे स्विच २ स्वस्त आहे म्हणे.

सुपारीचोर:
थांबा! २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला जो स्वस्त आहे त्याची भाषा फक्त जपानी, आणि जपानात नोंदलेलं खातंच त्याला जोडता येतं. अमेरिकेचं खातं चालणार नाही. बहुभाषिक मॉडेल ६९,९८० येनला, निंटेंडोच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात. मित्राला खोक्यावरचं लेबल वाचायला सांगा. येन पडलेला असताना घरच्या मुलांना परवडावं आणि परदेशी दलालांनी पोती भरून नेऊ नयेत, यासाठी केलेली ही सोय. जपानातल्या खपाचं अर्धं गुपित मला यातच दिसतं.

भारतात निंटेंडो अधिकृतपणे विकतच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर विमानातून आणा, वॉरंटी देवाच्या भरवशावर. डेकचंही तेच. असूसचा अ‍ॅलाय (एक्सबॉक्स अ‍ॅलायचा थोरला भाऊ) मात्र २०२३ पासून इथे बिलासकट मिळतो. पहिला ६९,९९० ला आला होता. तो जुना घेत असाल तर कार्डाची खाच तपासून घ्या: यंत्र तापलं की कार्ड रीडर दगा देऊ शकतो, हे असूसने स्वतः मान्य केलंय. खेळ आतल्या एसएसडीवरच ठेवा.

काडतूस:
बॅटरीलो, रवाना मालाचा मुद्दा मान्य, माझ्याकडून सरमिसळ झाली. पण मग व्हॉल्व्हचे 'अनेक दशलक्ष' कोणत्या खात्यात धरायचे, तेही सांगा.

बॅटरीलो:
व्हॉल्व्ह यंत्र विकून जगत नाही हो. डेक हे दुकानाचं दार आहे, गल्ला आत स्टीमवर. म्हणून तर लीजन गो एसला स्टीमओएस दिली. कुणाचंही यंत्र खपो, खेळ तिथूनच घेणार. तुम्ही दारं मोजताय.

काडतूस:
धाग्याचं शीर्षक दारांबद्दलच आहे, मालक.