चर्चा: शिबिरातली मॅमोग्राफी, डोसचा हिशेब कुणी मागायचा?

चिंचगुळ: आमच्या सोसायटीत शिबिर झालं. सवलतीत मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे क्ष-किरण फोटो, व्हॅन दारात. 32 वर्षांच्या भाचीलाही रांगेत उभं केलं होतं. मी तिला बाजूला घेतलं तर बायका माझ्यावरच उखडल्या. डोस किती विचारलं, तर उत्तर मिळालं, "काही नसतं हो काकू." निरोगी बाईच्या अंगातून क्ष-किरण सोडायचे आणि हिशेब विचारायचा नाही?

क्षकिरण_ताई: "काही नसतं" हे उत्तर चूकच. चार फोटो मिळून साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट (अंगाला बसणाऱ्या किरणांचं माप). निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतात, म्हणजे हा दोन महिन्यांचा वाटा. आणि फोटो काढताना स्तन दाबतात, ज्याला सगळ्या शिव्या घालतात ना, त्यानेच डोस कमी होतो. जाडी घटली की थोड्या किरणांत भागतं, फोटोही हलत नाही. हलला की पुन्हा काढा, तिथे डोस वाढतो. किरण अडवायचा गळ्याचा पट्टा मागू नका, तो मध्ये आला तरी पुन्हा काढावा लागतो.

चिंचगुळ: ताई, 0.4 हा आकडा अख्ख्या शरीराच्या मापात बसवलेला. प्रत्यक्षात एका स्तनाच्या ग्रंथींना दोन फोटोंत 3 मिलिग्रेच्या (त्या जागी शोषलेल्या किरणांचं माप) आसपास डोस बसतो. निसर्गाचा डोस सगळ्या अंगावर वर्षभर विखुरलेला असतो. ही तुलना जरा गोडच झाली.

क्षकिरण_ताई: मान्य. पण तो धोकाही मोजलाय. 2016 च्या एका अमेरिकी गणितात 40 ते 74 वयात दरवर्षी तपासणी धरली. एक लाख बायकांत किरणांमुळे 125 कर्करोग, 16 मृत्यू. आणि टळलेले मृत्यू 968.

डोंबिवली_फास्ट: ते गणित तिकडच्या बायकांचं. आपल्याकडे हा रोगच त्या मानाने कमी, मग फायद्याचा आकडा तेवढाच कसा राहील? टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाख बायकांवर 20 वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित सेविका नुसत्या हाताने तपासायच्या. 2021 मध्ये निकाल आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. किरण शून्य!

क्षकिरण_ताई: पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, तेही लिहा की. बाकी भाचीबद्दल काकूंचंच बरोबर. तक्रार नसताना, घरात कुणाला नसताना 32 व्या वर्षी हे कशाला? त्या वयात स्तन घट्ट, फोटोत गाठ लपते. गाठ लागलीच हाताला तर आधी सोनोग्राफी.

चिंचगुळ: आणि व्हॅनचं?

क्षकिरण_ताई: अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि मशीनच्या गुणवत्ता चाचणीचा अहवाल मागा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर मीही रांग सोडीन.